चिरंजीव डबा विकतात, तर काय करावं?

ताई, नमस्कार.

मी विश्रामबागेत राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा आठवीत आहे. सातवीपर्यंत तो गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, यंदा सांगलीतल्या एका विनाअनुदानित शाळेत घातला. सकाळी सातला व्हॅन येते, साडेदहाला मधली सुट्टी, घरी यायला पावणेतीन होतात. मी पाचला उठून डबा करते: दोन चपात्या आणि भाजी, किंवा थालीपीठ. जूनपासून डबा रोज रिकामा परत येतोय म्हणून मी खूश होते. परवा पालकसभेत एक बाई मला शोधत आल्या. त्यांचा मुलगा शाळेच्या होस्टेलवर राहतो, गाव जतकडचं. म्हणाल्या, "तुमच्या हातची थालीपीठं माझ्या लेकाला फार आवडतात हो, आणि वीस रुपयांत!" मला काही कळेना. घरी येऊन खडसावलं तेव्हा समजलं, की आमचे चिरंजीव आठवड्यातून तीन-चार दिवस डबा त्या मुलाला विकतात आणि स्वतः कॅन्टीनमध्ये नूडल्स खातात. वर सासूबाईही रोज गुपचूप वीस रुपये देतात. कंपासपेटीत ३४० रुपये सापडले. आता तो उघडच म्हणतो, डबा नको, रोज पन्नास रुपये दे, सगळे कॅन्टीनमध्येच खातात. मिस्टर म्हणतात, "देऊन टाक, तुझीही दगदग वाचेल." मला मात्र रडू येतं. ही चोरीच नाही का? डबा बंद करू की पैसे? ते ३४० रुपये काढून घेऊ का? आणि सासूबाईंना कसं सांगू?

– एक आई, सांगली (नाव छापू नये)

*

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, त्याबद्दल रागावू नका. तुमच्या थालीपीठाला होस्टेलवर पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे आणि त्याची आई भर सभेत येऊन तुमचं कौतुक करते. तुमच्या डब्यात काही खोट असती तर तो विकला गेलाच नसता. त्यामुळे 'माझ्या हातचं पोराला आवडत नाही' हे दुःख आधी मनातून काढून टाका.

चोरी म्हणाल, तर मी त्याला चोरी म्हणणार नाही. डबा तुम्ही त्यालाच दिला होता. पण रिकामा डबा तुमच्या हातात देताना तो महिनोन्‌महिने गप्प बसला आणि तुमचा गैरसमज तसाच राहू दिला, एवढं मात्र त्याचं चुकलं. ते त्याला एकदाच आणि स्पष्ट सांगा: "तू खाल्लास असं समजून मी पाचला उठत होते." पुढे पुरवणी जोडू नका. तेरा वर्षांच्या मुलाला पहिलं वाक्य बरोबर लागतं. तिसऱ्या वाक्याला त्याचे कान मिटतात आणि दहाव्याला तो आपल्याला कसा त्रास होतोय याचाच विचार करू लागतो.

आता डब्याकडे वळू. तुमच्या पत्रात मला खटकलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: दोन चपात्या आणि भाजी. पोरगा सातला बाहेर पडतो, पावणेतीनला घरी येतो. मधल्या पावणेआठ तासांत त्याला खायची एकच संधी मिळते. सकाळी निघताना तो काय खातो ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत या वयाची मुलं अर्धा कप दूध कसंबसं घशाखाली ढकलून व्हॅनकडे पळतात, तुमच्याकडेही तसंच असावं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला साधारण २,८६० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. दोन मध्यम चपात्या आणि बटाट्याची भाजी म्हणजे कशाबशा साडेतीनशे कॅलरी, प्रथिनं आठ-नऊ ग्रॅम. या वयात मुलाची उंची वर्षभरात डोळ्यांदेखत वाढते, त्याला एवढं कसं पुरेल?

तुमचा मुलगा ज्या शाळेतून आला, तिथल्या ताटाचा हिशोब बघा. शालेय पोषण आहाराला आता केंद्राच्या योजनेत पीएम पोषण म्हणतात. त्यात सहावी ते आठवीच्या मुलासाठी एका वेळच्या जेवणात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. म्हणजे ज्या खिचडीला आपण शहरात आल्यावर नाकं मुरडतो, ती कागदावर तरी तुमच्या डब्याच्या दुप्पट होती. प्रत्यक्ष ताटात किती पडायचं ते शाळेशाळेवर अवलंबून असतं, ते सोडा. पण गरज किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो. विनाअनुदानित शाळेला ही योजना लागू नाही, त्यामुळे जूनमध्ये ते ताट सुटलं आणि त्याच्या जागी घरचा छोटा डबा आला. नूडल्सच्या प्लेटीकडे तो चवीसाठी गेला असेलच, पण भुकेनेही गेला असेल.

आणखी एक फरक त्या खिचडीबरोबर पडला. गावच्या शाळेत सगळी पोरं एका रांगेत बसून एकच जेवण जेवत होती. कुणाच्या घरी काय शिजतं हे ताटातून कळायची सोय नव्हती. इथे मधल्या सुट्टीत कुणाचा डबा कसला, कोण कॅन्टीनच्या खिडकीपाशी उभा राहतो, कोण दुसऱ्याला खिलवतो, हे सगळं उघड्यावर चालतं. वर्षाच्या मधोमध नव्हे, पण आठवीत, म्हणजे सगळ्यांचे गट आधीच ठरलेले असताना तुमचा मुलगा गावाकडून आलाय. 'सगळे कॅन्टीनमध्येच खातात' हे त्याचं वाक्य शब्दशः खरं नसणार. ज्यांच्यात त्याला बसायचंय, ती पोरं कॅन्टीनमध्ये खातात, असा त्याचा अर्थ घ्या. म्हणून कॅन्टीन पूर्णपणे बंद करायचा हट्ट धरू नका, आठवड्यातला एक दिवस त्याला मोकळा द्या. कोणता दिवस ते तो ठरवेल. त्या दिवशी त्याने नूडल्स खाल्ल्या की समोसा, हे विचारायचं नाही.

उरलेल्या पाच दिवसांचा डबा मात्र वाढवायला हवा आणि बदलायलाही हवा. वीस-पंचवीस मिनिटांच्या सुट्टीत नळावर रांग, मैदानावर जागा धरायची घाई, त्यात चपातीचा तुकडा मोडून रस्सा भाजीत बुडवत कोण बसणार? या वयाची मुलं उभ्यानेच खातात. तेव्हा हातात धरून खाता येईल असं द्या. चपातीला शेंगदाण्याची चटणी आणि दही, किंवा जाडसर पिठलं लावून घट्ट गुंडाळी करा. मटकीची कोरडी उसळ दोन चपात्यांमध्ये घालून तव्यावर दाबून घ्या. थालीपीठाचे चार तुकडे करा. तीन चपात्या, वाटीभर मटकी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ एवढं झालं, की सातशे कॅलरी आणि वीसाच्या पुढे प्रथिनं सहज भरतात. अंडं चालत असेल तर उकडलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्याला पाचला उठावं लागत नाही. शाळेत अंडं चालतं का, ते आधी विचारा. काही शाळांत चालत नाही आणि पोराची उगाच मान खाली जाते.

शिवाय एक छोटा दुसरा डबा दप्तरात टाका, सुट्टीत पटकन तोंडात टाकायला किंवा व्हॅनमध्ये परत येताना. आपण सांगलीत राहतो, घरोघरी भडंग होतो. त्यात शेंगदाणे आणि डाळं सढळ हाताने घाला, कांदा-टोमॅटो वेगळ्या डबीत द्या. तासगाव आपल्या उशाशी आहे, बेदाण्यांना तोटा नाही. हे सगळं रविवारी करून ठेवता येतं.

करताना काही गोष्टी सांभाळा. तव्यावरची गरम चपाती तशीच डब्यात घालून झाकण लावलं, की वाफेचं पाणी सुटतं आणि साडेदहाला ती चामट, ओलसर निघते. फडक्यावर निवू द्या, तूप लावा, मगच भरा. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात द्यायचा असेल तर भात रात्री फ्रीजमध्येच गेला पाहिजे. ओट्यावर राहिलेल्या भातात काही जंतू असे वाढतात, की त्यांचं विष सकाळी परतूनही जात नाही. आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात दहीभात देणार असाल तर भातात दूध घालून वर चमचाभरच दही घाला, सुट्टीपर्यंत आपोआप बेताचं लागतं. ओल्या नारळाची चटणी त्या दिवसांत नकोच.

हे सगळं तुम्ही एकटीनं करायचं, असं मी म्हणत नाही. मिस्टर डब्याबद्दल मत देतात, पण पत्रात ते कुठे कणीक मळताना दिसले नाहीत. दगदग वाचवायचीच असेल तर त्यांनी रात्री मटकी कुकरला लावावी, तिला जेमतेम वीस मिनिटं लागतात. आणि चिरंजीव तेरा वर्षांचे आहेत, डबा भरणं त्यांच्याकडे द्या. तुम्ही ओट्यावर करून ठेवा, किती घ्यायचं, कसं गुंडाळायचं ते तो बघेल. स्वतः भरलेला डबा विकायला जीव जरा अडखळतो. परत आणलं तर आणू दे, फक्त काय उरलं आणि का, एवढं सांगायचं. उरलेलं शाळेत टाकून रिकामा डबा आणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कॅन्टीनबद्दल थोडकंच सांगते. ते काही विषाचं दुकान नाही, पण तिथे काहीही विकायला मोकळीकही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळांसाठी नियम केले. त्यानुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. कोल्ड्रिंकच्या पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, हे माहीत असेल तर नियम कशासाठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या शाळेत रोज नूडल्स मिळतात, म्हणजे नियम भिंतीपलीकडे राहिलाय. पुढच्या पालकसभेत चार-पाच आयांनी मिळून तीनच गोष्टी विचारा. कॅन्टीनचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक कुठे लावलाय? तळणीचं तेल किती दिवस वापरतात? समोसा रद्दीच्या कागदात का देतात? छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, असं प्राधिकरण स्वतः सांगतं. आणि कॅन्टीनमध्ये इडली, उसळ-पाव, केळी ठेवा असं सुचवा. नुसतं 'हे बंद करा' म्हटलं तर चालवणारा कान बंद करतो. मुलाला यात ओढू नका. 'तुझ्या आईमुळे समोसा बंद झाला' हे आठवीच्या वर्गात पुसलं जात नाही.

आता पैशांचं. तुमच्या घरात खाणं आणि पैसा एकमेकांत अडकलेत, आणि गोंधळ तिथूनच होतोय असं मला वाटतं. डबा खाल्ला नाही तर पैसे, डबा नको म्हटलं तर पैसे, आज्जी खूश झाल्या तर पैसे. मग पोरगा भुकेचाही भाव करायला शिकतो. त्याला आठवड्याचे ठरलेले पैसे द्या. ते डब्याशी, मार्कांशी, वागण्याशी जोडू नका. माझ्या मते आठवीला शंभर रुपये आठवड्याला पुरेत. त्यात कॅन्टीनचा एक दिवस आला, एखादी दाबेली आली, मित्राचा वाढदिवस आला. वही-पेन, प्रोजेक्टचं सामान त्यात नाही, ते घरातून. त्याच्या मागणीप्रमाणे रोज पन्नास दिले, तर महिन्याच्या चोवीस शाळेच्या दिवसांत १,२०० रुपये होतात आणि वर डबा नाहीच. आज सासूबाई देतात ते रोजचे वीस धरले तर महिन्याला ४८० होतातच. म्हणजे आठवड्याला शंभर दिले तरी घरातून आताएवढेच जातील, फक्त उघडपणे.

पैसे रविवारी संध्याकाळी द्या, नोटांत आणि सुट्या नाण्यांत. कॅन्टीनवाल्याला फोनवरून पाठवायचे नाहीत. हातातली पन्नासची नोट मोडताना पोरगा दोनदा विचार करतो. आई-बाबांच्या फोनवरून परस्पर गेलेल्या पैशाचं त्याला काहीच वाटत नाही. बुधवारी संपले तर रविवारपर्यंत काही नाही, उसने नाहीत, पुढच्या आठवड्यातले आगाऊ नाहीत. इथेच बहुतेक आयांचा जीव विरघळतो, तुमचाही विरघळेल. डबा चांगला भरलेला असेल तर तो उपाशी राहत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि गप्प बसा. रोजचा हिशोब मागू नका. महिन्यातून एकदा, त्याची इच्छा असेल तर, कशावर किती गेले ते त्याने सांगावं.

सासूबाईंना 'देऊ नका' म्हणून बघू नका. त्या थांबणार नाहीत, आणि थांबल्याच तर नातवाच्या मनात तुम्ही खलनायिका व्हाल. पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून नातवाच्या हातावर ठेवणं हा त्यांच्या दिवसातला मोठा आनंद असेल, त्याला हात लावू नये. त्यांना सांगा, "आई, आठवड्याचे शंभर तुमच्याच हातून जाऊ देत." रविवारचा मान त्यांचा. वरचे, सणावाराचे, वाढदिवसाचे पैसे त्यांनी त्याच्या खात्यात घालावेत. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावावर, स्वतः चालवायचं बचत खातं काढता येतं. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार. पण आज्जीला हाताशी धरून तो स्वतः स्लिप भरायला गेला, तर गुपचूप देण्याची चटक दोघांचीही कमी होईल. मिस्टरांना मात्र एकच सांगा, ठरलेल्याच्या वर त्यांच्या खिशातून काही जायचं नाही.

होस्टेलच्या मुलाचं राहिलं. मेसचं तेच ते खाऊन कंटाळलेलं, घर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर राहिलेलं ते पोर तुमच्या थालीपीठासाठी स्वतःच्या खाऊच्या पैशातले वीस मोजतंय. विक्री बंद करा, पण त्याचा घास बंद करू नका. आठवड्यातून एक दिवस तुमचा मुलगा एक जादा थालीपीठ नेईल, फुकट, आणि दोघं बरोबर बसून खातील. त्याच्या आईला तुम्हीच फोन करून सांगा, मुलाकडून निरोप नको.

त्याआधी एखाद्या रविवारी चिरंजीवांना ओट्यापाशी बसवून एका थालीपीठाचा खर्च काढायला लावा. भाजणीचं धान्य, दळणावळ, तेल, कांदा, गॅस, आणि पाचला उठणाऱ्या माणसाची मजुरी. व्यापार करायची हौस असेल तर माल फुकटात येत नाही हे कळू दे. मी हे शिक्षा म्हणून सांगत नाही. पोराला हिशोबाची जाण आहे. महिनोन्‌महिने हातात पैसे असून ३४० रुपये त्याने उडवले नाहीत, हेही तुमच्या नजरेतून सुटू नये.

ते ३४० काढून घेऊ नका. काढून घेतलेत तर पुढच्या वेळी ते कंपासपेटीत सापडणार नाहीत, दुसरीकडे कुठेतरी असतील, आणि ती जागा तुम्हाला कळणार नाही. त्यातले वीस-वीस त्या होस्टेलच्या पोराला परत करायचे का, हे त्यालाच विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी मान्य करा. उरलेल्यातून काय घ्यायचं तेही तोच ठरवेल. सगळ्या पैशांच्या पुन्हा नूडल्सच खाल्ल्या, तर त्या दिवशी मात्र तुम्ही भाजी निवडत बसा आणि तोंडातून शब्द काढू नका.